मामाची गढी आणि सान दोमेनिको: एका तटबंदीच्या शेतघराचं हॉटेल होतं तेव्हा

जून २०२४ मध्ये इटलीत जी-सेव्हनची बैठक झाली, १३ ते १५ तारखेला, मोदीही गेले होते, त्यातल्याच एका संध्याकाळी मामाचा फोन आला. "अगं टीव्ही लाव, ते पांढऱ्या दगडाचं जुनं गाव बघ, हॉटेल केलंय म्हणे, आपल्या गढीचं असं होईल का गं?" मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते त्यामुळे नात्यात कुणाची भिंत फुगली की फोन मलाच येतो, पण हा प्रश्न वेगळा होता. मी टीव्ही लावला आणि खरं सांगते, मलाही ते जुनंच गाव वाटलं. नंतर शोधलं तर कळलं की ते बोर्गो एग्नात्सिया नावाचं रिसॉर्ट आहे, २०१० साली उघडलेलं, म्हणजे सगळं नवं बांधकाम, फक्त तिथल्याच दगडात आणि तिथल्याच जुन्या घाटात. मग हा घाट आला कुठून हे शोधत गेले आणि त्याच्या जवळच उभ्या असलेल्या खऱ्या जुन्या इमारतीपाशी पोचले, मासेरिया सान दोमेनिको. हे लिखाण तिच्याबद्दल आहे, मामाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगितलं ते सगळं एकत्र करून लिहितेय.

आधी मासेरिया म्हणजे काय ते. इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत, तिथे मोठ्या शेतीच्या मधोमध तटबंदीचं घर असतं त्याला मासेरिया म्हणतात. आपल्याकडे पाटील-देशमुखांची गढी असते तसंच बरंचसं, चौकोनी तट, एकच मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती कोठारं, गोठे, तेलघाणा, एखादं छोटं चर्च, आणि मध्ये किंवा कोपऱ्यावर बुरूज. फरक एवढाच की आपली गढी बहुतेक वेळा गावात किंवा गावाच्या उंचवट्यावर असते आणि मासेरिया गावापासून लांब, शेतातच. वरच्या मजल्यावर मालक यायचा, तोही सुगीला किंवा उन्हाळ्यात, खाली बारा महिने राहायचा तो 'मासारो', म्हणजे कारभारी, आणि त्याच्या हाताखाली गडी, गुराखी, तेलाचे कामगार. हिशोब मासारोकडे, किल्ल्या मासारोकडे.

तटबंदी का, तर समुद्र. १४८० साली ऑटोमन आरमाराने ओत्रांतो शहर घेतलं आणि शेकडो माणसं मारली, त्यातल्या आठशेच्या वर लोकांना २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिलं, म्हणजे पाचशे वर्षांनंतरही ती आठवण ताजी आहे. त्यानंतर चाच्यांचे छापे चालूच राहिले, माणसं पकडून गुलाम म्हणून विकायचे. सोळाव्या शतकात नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने किनाऱ्यावर टेहळणीच्या बुरुजांची साखळी उभारायला घेतली, आणि शेतमालकांनीही आपापली घरं पक्की केली. सान दोमेनिको ज्या फासानो गावाच्या हद्दीत आहे ते गाव शतकानुशतकं माल्टाच्या सरदारांच्या, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाच्या, अमलाखाली होतं, आणि सान दोमेनिकोचा मूळ बुरूज पंधराव्या शतकातला, याच सरदारांनी टेहळणीला वापरलेला. फासानोच्या लोकांनी २ जून १६७८ ला किनाऱ्यावर उतरलेल्या तुर्कांना परतवून लावलं, त्याचा उत्सव 'ला स्कामिचाता' अजून दर वर्षी जूनमध्ये होतो, जुने पोशाख घालून मिरवणूक निघते. म्हणजे बुरूज नुसता शोभेचा नव्हता हो, त्यावरून खरोखर कुणीतरी डोळे ताणून समुद्राकडे बघत बसायचं.

दरवाजाच्या बरोबर वर, छताच्या कडेला, एक दगडी खोका भिंतीच्या बाहेर आलेला असतो, छोट्या सज्जासारखा, पण त्याला तळ नसतो. वर उभं राहून खाली बघितलं की थेट दारात उभा असलेल्या माणसाचं डोकं दिसतं. तिथून दगड टाकायचे, उकळतं पाणी ओतायचं. आपल्या गढ्यांना जंग्या असतात, बाहेरून बारीक आणि आत रुंद, तिथून बंदूक रोखायची, तोच विचार, फक्त इथे सरळ डोक्यावर. आज हॉटेलात उतरणारी माणसं सामानाच्या बॅगा घेऊन अशाच भोकाखालून आत जातात. हे भोक बुजवलं नाही, काच लावून सजवलं नाही, जसं होतं तसं ठेवलं, अशा जागा बघितल्या की मला दुरुस्ती करणाऱ्याबद्दल आदर वाटतो, कारण साइटवर पहिली सूचना येते ती "हे बंद करून टाका, पाऊस येतो" हीच.

आता या घरांचं पोट ज्यावर चाललं ते म्हणजे ऑलिव्ह. पुलियात ऑलिव्हची साधारण सहा कोटी झाडं आहेत असं धरतात, आणि फासानो, ओस्तुनी, मोनोपोली, कारोविन्यो या गावांच्या मधल्या सपाट पट्ट्यात तर अशी झाडं आहेत की खोड पिळलेल्या दोरखंडासारखं, आत पोकळ, त्यात माणूस उभा राहील. काही झाडं हजार वर्षांच्या पुढची मानतात. या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या मासेरियांच्या खाली जमिनीत कोरलेला तेलघाणा सापडतो. खाली का, तर ऑलिव्हचं तेल थंडीत गोठायला लागतं, आपलं खोबरेल डिसेंबरात बाटलीत बसतं तसं, आणि हंगाम नेमका थंडीचा. जमिनीखाली तापमान सारखं राहतं, शिवाय जनावरं, माणसं आणि दिवे यांचीही ऊब. खेचर गोल फिरून दगडी चाक ओढायचं, लगदा पिशव्यांत भरून दाबायचा, माणसं महिनोन्‌महिने खालीच राहायची. यातलं बरंचसं तेल खायला नाही, दिव्यांना जायचं, गाल्लीपोली बंदरातून जहाजं भरून लंडनपर्यंत. मग गॅस आला, रॉकेल आलं, वीज आली आणि दिव्याच्या तेलाचा धंदा संपला.

मासेरियांना उतरती कळा लागली ती अशी, एका झटक्यात नाही. धंदा मंदावला, मग १९५० साली इटलीत जमीन सुधारणा कायदा आला आणि मोठ्या जमिनदाऱ्यांचे तुकडे झाले. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आठवा, साधारण तोच काळ, तोच हेतू, आणि मला वाटतं योग्यच हेतू, कारण त्या पांढऱ्या भिंतींच्या आत शेतमजुराचं आयुष्य फार हलाखीचं होतं, हॉटेलच्या जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही. जमीन गेली, तरुण पोरं मिलान, तुरीन, जर्मनीतल्या कारखान्यांकडे गेली, मासारोची कामं संपली आणि घर तेवढं उरलं. वीस खोल्यांचं तटबंदीचं घर ज्याला आता शेत सांभाळायचं नाही आणि चाच्यांनाही घाबरायचं नाही. कोठारात ट्रॅक्टर, वरच्या मजल्यावर कबुतरं. आजोळच्या गढीबद्दल वेगळं काय सांगू, फक्त कबुतरांच्या जागी वटवाघळं.

मग १९९६. मेलपिन्यानो कुटुंबाने सान दोमेनिको हॉटेल म्हणून उघडलं, त्या प्रांतातल्या उंची मासेरिया-हॉटेलांपैकी हे अगदी पहिल्या फळीतलं. त्या काळी पुलियाला बाहेरचे पर्यटक फारसे कुणी यायचे नाहीत, इटलीला जाणारा माणूस रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परत. योगायोग म्हणजे त्याच १९९६ च्या डिसेंबरात जवळच्या आल्बेरोबेल्लो गावातली शंकूच्या छपराची घरं, ट्रुल्ली, युनेस्कोच्या यादीत आली. पण हॉटेल उघडताना हे काही हातात नव्हतं. कायदेशीर बाजूने बघितलं तर तेव्हा दोन वाटा होत्या, ही गोष्ट मामाला मी दोनदा समजावली. १९८५ च्या कायद्याने इटलीत 'आग्रितुरिस्मो' सुरू झालं, म्हणजे शेतकऱ्याने आपल्याच घरात पाहुणे ठेवायचे, पण अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे जोडधंदा. आपल्याकडच्या कृषी पर्यटनाची भाषा तीच आहे. दुसरी वाट सरळ हॉटेलची, परवाने वेगळे, कर वेगळे, गुंतवणूक प्रचंड. सान दोमेनिकोने दुसरी वाट धरली, पण ऑलिव्हची झाडं आणि जमीन घराभोवतीच ठेवली. आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथेच ठरलं.

का ते सांगते. असलं घर हॉटेलात बदलताना पहिली अडचण म्हणजे ते बाहेर बघतच नाही. बाहेरच्या भिंतींना खिडक्या नाहीत, असल्या तर उंचावर आणि चिमुकल्या, कारण चाचे. पाहुण्याला तर खोलीतून काहीतरी दिसायला हवं. मग कंत्राटदार म्हणतो भिंत फोडू, मोठी फ्रेंच विंडो लावू. तसं केलं तर तट म्हणजे तट राहत नाही, भोकं पाडलेला डबा होतो. चांगल्या रूपांतरात काय करतात, खोल्यांची तोंडं आतल्या चौकाकडे ठेवतात, वरच्या गच्च्या उघडतात, गोठे आणि कोठारांच्या कमानीखाली जेवणाची जागा करतात, आणि जास्तीच्या खोल्या लागल्याच तर बाजूला बुटक्या इमारती बांधून त्यांना झाडांच्या आड ठेवतात. मग पाहुण्याला 'बघायला' खिडकी लागत नाही, तो दार उघडून बाहेर पडतो आणि थेट ऑलिव्हच्या झाडांत जातो. हे जमतं ते भोवती शेत आहे म्हणून. शेत विकून प्लॉट पाडले असते तर दार उघडून बघायचं काय, शेजारच्याची कंपाउंड वॉल?

दुसरी अडचण चुन्याची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार, माफ करा. पुलियातला बांधकामाचा दगड मऊ, सच्छिद्र, पिवळसर, त्याला ते 'तूफो' म्हणतात, करवतीने कापता येतो. भिंती मीटरभर आणि त्याहूनही जाड. समुद्र जवळ, हवेत मीठ, जमिनीतून ओल वर चढते. अशी भिंत शतकानुशतकं टिकते कारण तिच्यावर दर वर्षा-दोन वर्षांनी चुन्याचा हात फिरतो, आणि चुना ओल अडवत नाही, बाहेर सोडतो. पांढरा रंग सौंदर्यासाठी नाही हो, तो औषध आहे, उन्हाळ्यात ऊन परतवतो आणि जंतूही मारतो. त्याच भिंतीला सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, मीठ दगडाच्या आत फुलतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे, मग दगडाचीच भुकटी. आपल्याकडे याला लोणा लागला म्हणतात. मी स्वतः एका वाड्यात हे बघितलंय, मालकाने हौसेने सिमेंट मारून घेतलं होतं, आम्ही ते छिन्नीने उतरवलं तेव्हा मागची वीट अक्षरशः रव्यासारखी हातात आली. आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं, चुना घाण्यात मळून त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, ताग घालायचे. पुलियातले गवंडी त्यांच्या पद्धतीने तेच करत आले. हॉटेल झाल्याने त्या गवंड्यांना पुन्हा काम मिळालं, ताऱ्यासारखी कमान बांधणारे, फरशीच्या चुनखडीच्या लाद्या बसवणारे, आणि शेताच्या बांधाला चुना-माती काहीही न वापरता दगडावर दगड रचणारे. अशी कोरडी भिंत रचायची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, इटलीसकट आठ देशांच्या नावावर. आणि एक कला जिवंत ठेवायला यादीपेक्षा रोजचं काम लागतं, हे मला रोज दिसतं.

पाणी ही तिसरी. पुलियाची जमीन चुनखडीची, पाऊस पडला की खाली झिरपून जातो, नद्या जवळजवळ नाहीतच. म्हणून जुन्या मासेरियांत गच्चीचा, चौकाचा प्रत्येक थेंब उतारावरून खालच्या टाक्यात नेलेला असतो. आता त्याच जागी हॉटेल म्हणजे अंघोळी, लाँड्री, स्विमिंग पूल. सान दोमेनिकोचा पूल खाऱ्या पाण्याचा आहे, समुद्राच्या पाण्याने उपचार करणारं केंद्रही तिथे आहे, म्हणजे जवळ जे भरपूर आहे ते वापरलं, हे मला पटलं. पण याच किनारपट्टीवर १८ होलचं गोल्फ कोर्सही झालं. गोल्फ कोर्सला हिरवळ लागते, पुलियाच्या उन्हाळ्यात हिरवळ. व्यवसायाचं गणित मला समजतं, उन्हाळा संपला की हॉटेलं ओस पडतात आणि गोल्फ खेळणारे थंडीतही येतात, कामगारांना चार महिने जास्त पगार मिळतो. तरीही त्या कोरड्या दगडी शेतांच्या मध्ये ती हिरवळ मला परकी वाटते, टाक्यात थेंब थेंब साठवणाऱ्या घराशेजारी तर जास्तच.

नंतर काय झालं ते भराभर सांगते. सान दोमेनिको चाललं, मग शेजारीच सोळाव्या शतकातली तोर्रे कोक्कारो हॉटेल झाली, मग तोर्रे माइत्सा, बारी आणि ब्रिंडिसी विमानतळांवर स्वस्तातली विमानं यायला लागली, आणि फासानोचा हा किनारा मासेरियांचा किनारा म्हणून ओळखला जायला लागला. मग त्याच मेलपिन्यानो कुटुंबाने बोर्गो एग्नात्सिया बांधलं, जिथे जुनी भिंत एकही नाही पण जुन्याची सगळी भाषा आहे. जी-सेव्हनला तेव्हाचे पोप फ्रान्सिसही तिथेच आले होते. मामाला जे टीव्हीवर दिसलं ते म्हणजे नक्कल म्हणू नये, पण नातू म्हणता येईल. आजोबा बाजूला उभे आहेत आणि लोक नातवाचे फोटो काढतायत.

आणि आता सगळ्यात वाईट बातमी, जी मामाला सांगताना मलाच गलबलून आलं. २०१३ मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात ऑलिव्हची झाडं वाळताना दिसली. कारण निघालं झायलेला नावाचा जिवाणू, जो झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या बंद करतो, झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. पसरवतो एक छोटा कीटक, गवतावर थुंकीसारखा फेस करून त्यात ज्याची पिल्लं राहतात तो. औषध नाही. एकूण सुमारे दोन कोटी झाडं गेली किंवा बाधित झाली असा अंदाज सांगितला जातो, आणि रोग दक्षिणेकडून वर सरकत सरकत ओस्तुनी, फासानोच्या बाजूला पोचला. २००७ मध्ये पुलियाने प्राचीन ऑलिव्हसाठी खास कायदा केला होता, जमिनीपासून १३० सेंटीमीटर उंचीवर खोडाचा व्यास एक मीटर भरला की झाड 'स्मारक' ठरतं आणि तोडता येत नाही. माणसापासून वाचवायचा कायदा झाला आणि जिवाणूला कायदा कळत नाही. आता लेच्चिनो आणि फाव्होलोझा या दोन जाती बऱ्यापैकी तग धरतात असं दिसलंय, काही शेतकरी हजार वर्षांच्या खोडावर लेच्चिनोचं कलम करून बघतायत. लागलं तर खोड तेच, डोक्यावर नवी फांदी.

म्हणून मी म्हणते की सान दोमेनिकोचं प्रकरण हे बुरुजाचं नाही, झाडांचं आहे. बुरूज दुरुस्त करता येतो, चुना परत मारता येतो, पैसा असला की गवंडीही मिळतो. झाडं गेली तर ती पांढरी भिंत उघड्या रानात उभी राहील आणि पाहुण्याला कळणार नाही की हे घर इथे होतं तरी कशासाठी.

मामा हे सगळं ऐकून थोडा वेळ गप्प होता. आमच्या गढीचे चारपैकी दोन बुरूज पडलेत, आणि ते पावसाने कमी पाडले, माणसांनी जास्त. गढीची पांढरी माती धाब्याच्या छतावर घालायला फार चांगली, पाणी आत येऊ देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक टोपल्या भरून न्यायचे, आणि आता ट्रॉली भरून नेतात. मी त्याला सासवडजवळच्या जाधवगडाचं उदाहरणही दिलं, पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी, आज हॉटेल म्हणून चालू आहे, म्हणजे आपल्याकडे होतच नाही असं नाही. पुण्याहून तासाभराच्या अंतरावर आहे ती, आमची नाही, हा फरक मोठा आहे आणि तोही सांगितला.

मग त्याने विचारलं, "खोल्या किती निघतील गं?" मी म्हटलं मामा, खोल्या नंतर, आधी सांगा गढीखालची नऊ एकर कुणाच्या नावावर आहे, चुलत भावांपैकी कोण विकायच्या बेतात आहे, आणि आतल्या बारवेला मे महिन्यात पाणी किती हात असतं. तो म्हणाला बारव गाळाने भरलीय, वीस वर्षांत कुणी उतरलं नाही. तर ठरलंय असं की दिवाळीनंतर मी जाणार, मामा सातबारा काढून ठेवणार, आणि आम्ही पहिला गाळ काढणार. बुरुजाकडे तोवर कुणी ट्रॉली घेऊन फिरकू नये एवढं बघा, असं मी त्याला बजावलंय, आणि त्याने त्याच दिवशी गढीच्या दिंडी दरवाजाला साखळी लावून मला फोटो पाठवलाय.